माझ्या पोटाचा म्हाळ

...आणि मिक्सर कुठल्या कंपनीचा, हे मला कुणी विचारू नका! बस स्टँडवर भेटलेला माणूस तेच विचारतो, देवळात भेटलेली बाई तेच विचारते, परवा तर निपाणीहून एका अनोळखी माणसाचा फोन, ‘भरमाण्णा, तुमी मिक्सर कुठला घेतलासा?’ अहो, माझं पोट कापलंय, मिक्सर नाही कापला! कुठलाही घ्या. चटणीचं छोटं भांडं घट्ट बसलं पाहिजे आणि झाकण उडून छताला लागलं नाही पाहिजे, संपला विषय! पण नाही, लोकांना वाटतं की मशीन भारी घेतलं की वजन आपोआप उतरतं...

बरं, आपल्या आहाराच्या चिन्मयी मॅडमनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय त्यांनी फळ्यावर लिहिलाच आहे, ‘ऑपरेशननंतर स्वयंपाकघरात काय काय लागतं’. तुम्ही सगळे नवीन पेशंट, कुणाचं महिन्यापूर्वी झालंय, कुणाचं पुढच्या सोमवारी आहे, म्हणून मला बोलावलंय. मॅडम, घड्याळ बघू नका, मी वेळेत संपवतो. माझं नाव भरमा, गाव बेळगावजवळचं येळ्ळूर, नोकरी मच्छे गावातल्या एका कारखान्यात, स्टोअरला. सव्वीस वर्षं नट-बोल्ट तोलून देतोय. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला, पण मला एक सवय आहे... मी वही लिहितो. जे घडलं ते त्याच दिवशी. तारीख घातली, वेळ घातली, लिहून ठेवलं! म्हणून मी जे सांगतो त्याला कुणी ‘असं कसं’ म्हणायचं नाही. कसं ते मला माहीत नाही. कधी ते माहीत आहे.

तर हा चमचा बघा. मागच्यांना दिसत नसेल, दिसणारच नाही, एवढाच आहे, बाळाला औषध पाजायचा. मोठ्या चमच्यानं खाल्लं की घास मोठा जातो, घास मोठा गेला की अडकतो, अडकला की तुम्ही न्हाणीघरात आणि घरचे दाराबाहेर. ही बशी. ताटात साठ ग्रॅम वाढलं की माणसाला रडू येतं, बशीत वाढलं की जरा कमी येतं. हा बर्फाचा ट्रे. मुगाची डाळ मऊ शिजवायची, घोटायची, गाळायची, एकेका खणात दोन चमचे भरून गोठवायची, आणि जेवायच्या वेळी दोन खडे काढून गरम करायचे. पहिल्या दिवशी शेजारीण डोकावून गेली आणि गावभर सांगितलं, भरमाण्णा बर्फ जेवतोय! हे टायमर. घास तोंडात घातला की वीस वेळा चावायचं, दीड मिनिट थांबायचं, मग दुसरा. आणि हे पुरणयंत्र. हसू नका! मऊ करायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. मी आमच्या जयाच्या, म्हणजे बायकोच्या, माहेरच्या पुरणयंत्रात एकदा उकडलेली कोंबडी घातली... पुरणयंत्रात कोंबडी! त्या दिवशी जे ऐकून घेतलं ते इथं मॅडमसमोर सांगण्यासारखं नाही.

आणि हा काटा. स्वयंपाकघरातला. एका ग्रॅमपासून दहा किलोपर्यंत. हा घ्याच. पण घेताना एक विचार करा... तो जे दाखवेल ते तुम्हाला बघायचंय का?

म्हणजे काय, ते सांगतो ना! अहो काका, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी ठेवू नका. नाही, कुणी बसलेलं नाही. तरी नका ठेवू.

तुम्हाला सांगतो, मी हे ऑपरेशन हौसेनं केलं नाही. आमचे आबा चोपन्नाव्या वर्षी गेले. साखर. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग आबा गेले. मला बावन्न पूर्ण झाली तेव्हा माझं वजन एकशे एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम, साखर तीनशेच्या वर, आणि डाव्या पायाच्या बोटाला मुंग्या. त्याच बोटाला! डॉक्टर म्हणाले, ‘शंभराच्या खाली या, नाहीतर वडिलांचं वय गाठणं अवघड आहे.’ मला पंचावन्नावं वर्ष बघायचंय, एवढंच माझं मागणं. अठ्ठावन्न नको, साठ नको, पंचावन्न. म्हणून नऊ जुलैला झोपलो टेबलावर आणि ऐंशी टक्के पोट देऊन टाकलं.

देऊन टाकलं... पण कुणाला? हा प्रश्न आपल्याला सुचतो का? नाही सुचत! तो आमच्या आक्काला सुचला. थोरली बहीण, अंबुबाई, नंदगडला दिलेली, माझी सेवा करायला म्हणून आली आणि घरी सोडायच्या दिवशी वॉर्डात नर्सबाईच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘बाई, माज्या भावाचं पोट कुटं हाय?’ नर्सबाई कानडी, गडबडीत, हातात चार फाइली. ‘इल्ल री अव्वा, होतु!’ नाही, गेलं म्हणे. झालं! आक्का म्हणाली, ‘गेलं म्हंजे? चालत गेलं?’

मग डॉक्टरांनी येऊन शांतपणे सांगितलं, आजी, तपासणीला थोडा भाग ठेवतात, उरलेलं पिवळ्या पिशवीत घालतात, गाडी येते, भट्टीत जाळून टाकतात, नियम आहे. आक्काचा चेहरा असा उतरला... जशी तिला आबांचीच बातमी पुन्हा सांगितली! ‘पिवळ्या पिशवीत? संगट कोन न्हाय, तोंडात पानी न्हाय? बावन्न वर्सं आमच्या घरात जेवलंय ओ ते! तुमच्या लेकरापेक्षा मोठं हाय ते वयानं!’ मला खुर्चीत बसवून लिफ्टकडे नेत होते आणि ही मागं वळून वळून वॉर्डाकडे बघत होती, कुणीतरी चुकून मागं राहिल्यासारखं.

मी तेव्हा हसलो. टाके दुखले. तारीख घातली, वेळ घातली, लिहून ठेवलं.

पहिला महिना काही नाही. पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. वजन उतरायला लागलं, एकशे छत्तीस, एकशे बत्तीस... मुंग्या गेल्या! ऑगस्टमध्ये कामावर हजर झालो, पहिली पाळी, अडीचला घरी, पावणेतीनला जेवण. आणि पहिल्याच आठवड्यात, मी बशी घेऊन बसलोय, घास तोंडात, चावतोय, अकरा, बारा, तेरा... आणि गुरगुर. पोटात भूक लागल्यावर येते ना, तशी. लांब, ओली, पार वरून खालपर्यंत जाणारी. माझ्या ओळखीची! बावन्न वर्षं ऐकलेली! पण तुम्हाला सांगतो, ती माझ्यातनं आली नाही. टेबलाच्या पलीकडून आली. जिथं माझं जुनं लाकडी स्टूल आहे, मजबूत, माझ्यासाठीच सुतारानं केलेलं, तिथून.

मी मॅडमना फोन केला. ह्या बसल्यात, विचारा त्यांना. ‘मॅडम, पोटाचा आवाज येतो.’ ‘काका, नॉर्मल आहे.’ ‘मॅडम, आतनं नव्हे, बाहेरनं येतो.’ ‘गॅस असतो काका, नॉर्मल आहे.’ ‘मॅडम, दीड हात लांबनं येतो.’ ‘पाणी किती पिता काका?’

रोज. पावणेतीनला. मी चाळणीखाली बघितलं, फ्रीजमागं बघितलं, स्टूल अंगणात नेऊन ठेवलं. अंगणातनं आवाज यायला लागला! कुत्रं होतं आमचं एक, ते त्या दिवसापासून मागच्या परड्यात राहायला गेलं. ते स्टूल मी परत आत आणलं, कारण उन्हात ठेवलेलं बरं वाटेना... आता कुणाला बरं वाटेना ते विचारू नका. तारीख घातली, वेळ घातली, लिहून ठेवलं.

मग पितृपंधरवडा आला, आक्का पुन्हा आली, पावणेतीनला तिनं कान दिला आणि एका झटक्यात निदान! अहो, मोठ्या डॉक्टरांनासुद्धा एवढा आत्मविश्वास नसतो. ‘उपाशी हाय त्ये. मी तवाच म्हनलं हुतं. म्हाळ घाला त्येचा.’ म्हटलं, ‘आक्का, म्हाळ पितरांचा घालतात, मी जिवंत आहे!’ ‘तू हाईस की. त्ये कुटं हाय?’ आमची ऋतिका, मुलगी, कॉलेजात शिकते, ती म्हणाली, ‘आत्ती, अवयवाचा म्हाळ कुठल्या पंचांगात हाय?’ आक्का म्हणाली, ‘पंचांग लिवनाऱ्याचं पोट कापलं नव्हतं.’

सर्वपित्री अमावास्या. दुपारी बारा. वर घराच्या स्लॅबवर ताट मांडलं. माझं जुनं ताट, हे एवढं! चार भाकरी, आमटी, वांगं, शेंगाची चटणी, खर्डा, घरच्या भाताचा डोंगर आणि वर तूप. म्हाळातल्या खिरी-वड्या त्याला आवडत नव्हत्या, मला कधी आवडल्या नाहीत ना, म्हणून आक्कानं मुद्दाम रोजचंच वाढलं. आणि आम्ही चौघं बाजूला हात जोडून उभे. कावळा येईना. म्हणजे आले होते, पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले होते, अकरा. मी मोजले. पण ताटाकडे बघत नव्हते. तुम्हाला सांगतो, अकराच्या अकरा कावळे माझ्या शर्टाच्या चौथ्या गुंडीकडे बघत होते. टाके आहेत तिथं.

मग सुरू झाल्या कबुल्या! आक्का म्हणाली, ‘बाबा, कुंदा खायाला घालतो तुला, बेळगावातनं आनून.’ कावळे गप्प. जया म्हणाली, ‘मांडे करतो, लई दिसांत केलं न्हाईत.’ एक कावळा हलला, पुन्हा बसला. ऋतिका हसत हसत म्हणाली, ‘बिर्याणी?’ काही नाही. ऊन डोक्यावर, भाताचं तूप विरघळून ताटाच्या कडेला आलं, आक्का मला कोपरानं ढोसत म्हणाली, ‘तू बोल की रं! त्येची वळख तुज्याशी!’

आता मी काय बोलणार? आपल्या पोटाशी आपण काय बोलतो? आयुष्यभर फक्त शिव्या घातल्या त्याला! मला एकदम कसंतरी झालं. म्हटलं, बिचारं बावन्न वर्षं जे टाकलं ते घेत आलं, कधी तक्रार नाही, आणि शेवटी पिशवीत... आणि आपल्याकडची सवय माहीत आहे तुम्हाला. दारात उपाशी माणूस उभा असला की तोंडातनं दुसरं काही निघतच नाही. हात जोडले आणि म्हणालो, ‘ये बाबा. घरला ये. जेवायला बस.’

अकराच्या अकरा कावळे एकदम ताटावर!

आणि आक्कानं कपाळावर हात मारला. ‘भरम्या! काय बोल्लास रं! गेलेल्याला जा म्हनायचं असतंय! सुकानं जा, मागचं आमी बगतो! ये म्हनत्यात व्हय कोन?’ आणि तेवढ्यात, खाली घरात... घरात कुणी नव्हतं, आम्ही चौघंही वर, दाराला बाहेरून कडी... खाली फरशीवर स्टूल सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी जड माणूस टेबलाजवळ ओढून घेऊन बसतो ना, तसा. करऽऽऽ... धप्प.

तारीख घातली, वेळ घातली. अक्षर वाचायला येत नाही, पण लिहून ठेवलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून ताट दोन. माझी बशी आणि त्याचं ताट. आक्काचा कायदा, ‘बोलवलास न्हवं? आता वाढ. बोलावून उपाशी ठेवला तर घराला लागतंय.’ ताट मांडायचं, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, वीस मिनिटांनी उघडायचं. लख्ख! मांजर म्हणाल? मांजर भाताला मधे आळं करून आमटी ओततं का? मांजर मिरच्यांची देठं ताटाच्या डाव्या कडेला ओळीनं लावून ठेवतं का? मी लावतो. म्हणजे लावायचो! शाळेपासून लावायचो, आई ओरडायची त्यावरून. ती ओळ बघून माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून पुरता गेलेला नाही...

मला वाटलं, घरातलं कुणीतरी गंमत करतंय. मग मी हा काटा घेतला. ताट काट्यावर ठेवलं, ताटाचं वजन वजा करून आकडा आला अकराशे ऐंशी ग्रॅम, सगळ्यांना अंगणात बसवलं, आणि मी एकटा दाराच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. चार मिनिटं काही नाही. मग अकराशे पन्नास. मग अकराशे दहा. कोण दिसत नाही, भाकरी उचललेली दिसत नाही, पण नजर हलवून परत आणली की भाकरीचा तुकडा कमी! आकडा उतरतोय, आणि चावायचा आवाज... चावायचा कसला, चावतच नव्हता तो! गिळत होता! नऊशे, सातशे, चारशे... सात मिनिटांत शून्य. आणि मग एक ढेकर. मोठा, समाधानाचा, खर्ड्याच्या वासाचा. दाराच्या फटीतून माझ्या तोंडावर.

आणि आता खरी गोष्ट ऐका. मी तसाच गेलो आणि माणसाच्या काट्यावर चढलो. जेवणाआधी माझं वजन एकशे सतरा किलो सहाशे. माझं जेवण साठ ग्रॅम. म्हणजे किती यायला पाहिजे? आणि किती आलं? एकशे अठरा किलो आठशे चाळीस! बघा हिशेब लावून! खाणार तो, ढेकर देणार तो, आणि वजन माझं! हा कुठला न्याय? मला तर धड पोट भरल्यासारखंसुद्धा वाटलं नाही हो!

रोज थोडं उतरायचं, पण बरंचसं अंगावर राहायचं. दोन आठवड्यांत एकशे तेवीस. डाव्या बोटाला मुंग्या परत. मॅडमकडे आलो. मॅडम, आठवतंय ना तुम्हाला? ‘काका, तुम्ही खाताय.’ ‘मी नाही खात मॅडम, तो खातो.’ ‘कोण तो?’ ‘माझं पोट.’ ‘काका, पोटच खातं सगळ्यांचं.’ ‘मॅडम, जे तुमच्या डॉक्टरांनी काढलं ते.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. आणि तुम्हाला सांगतो, चार महिन्यांत पहिल्यांदा त्या म्हणाल्या, ‘काका, हे नॉर्मल नाही.’ म्हणजे बाहेरून गुरगुर नॉर्मल, दीड हात लांबून नॉर्मल, आणि काट्यावर पाच किलो जास्त दिसले की लगेच नॉर्मल नाही! मग म्हणाल्या, ‘काका, असंच चढत गेलं तर पुन्हा कापायला पोट उरलेलं नाही.’ ते मात्र खरं होतं. आबांचं पाऊल माझ्या डोळ्यांसमोर आलं, पांढऱ्या पट्टीतलं...

घरी येऊन जाहीर केलं, आजपासून दुसरं ताट बंद! तर कोण आडवं आलं असेल? आक्का? नाही. जया! अठ्ठावीस वर्षं संसार केलेली माझी बायको. ती म्हणाली, ‘तुमी गप बसा. तुमी काय, साठ ग्रॅमवालं! पाखरासारखं टोचता आनि उठता. मी सकाळी पाचला उटून कुनासाठी रांधायचं? त्यो तरी पोटभर जेवतोय. पैल्यासारखा.’ आणि भाकरी थापायला लागली. त्याच्यासाठी. पाठमोरी. मी तिथं उभा... आणि तुम्हाला सांगतो, ती गुणगुणत होती. माझ्या बशीत डाळीचे खडे टाकताना ती कधी गुणगुणली नाही. आता माणसाला स्वतःच्याच पोटाचा मत्सर वाटावा, ह्याला काय म्हणायचं? पण वाटला. खोटं कशाला बोलू? वहीत आहे.

तरी एक दिवस मी हट्टानं ताट मांडू दिलं नाही. पावणेतीन. गुरगुर. तीन. गुरगुर नव्हे, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागायला लागली, तांब्या, वाट्या, डबे, सगळं हळूहळू किणकिणतंय... आणि साडेतीनला एकदम शांत. बरं वाटलं. मी स्लॅबवर जाऊन शेंगा पसरल्या, पाचला खाली आलो. जोंधळ्याच्या पिठाचा डबा उघडा. सकाळी मी तोलला होता, सहा किलो चारशे. आता चार किलो नऊशे. कच्चं पीठ! आणि ऋतिका माझ्याकडे बघतेय, नुसती बघतेय. ‘पप्पा, तुमच्या मिशीला काय लागलंय?’ हात लावला. पीठ.

मी डब्याजवळ गेलोच नव्हतो हो! तीन तीसपासून पाचपर्यंत स्लॅबवर होतो. तारीख घातली, वेळ घातली, लिहून ठेवलेलं आहे! पण लिहिणारा कोण? मीच ना? मग त्या वहीवर विश्वास ठेवायचा कुणी?

ऋतिका म्हणाली, ‘पप्पा, तुमीच खाताय आनि तुमाला कळत न्हाई. उद्या मी मोबाईल लावून ठेवते.’ लाव म्हटलं. मलाही कळू दे! दुसऱ्या दिवशी तिनं फडताळात डब्यांच्या मधे मोबाईल उभा केला, ताट मांडलं, दार ओढलं, आम्ही सगळे अंगणात, मी तिच्या शेजारी, तिनं माझं मनगट धरून ठेवलेलं. वीस मिनिटांनी ती एकटी आत गेली. मोबाईल घेऊन तिच्या खोलीत गेली. दार लावलं. अर्ध्या तासानं बाहेर आली, तोंड धुतलेलं. मी विचारलं, ‘काय दिसलं गं? मी हाय का?’ आक्कानं विचारलं, जयानं विचारलं. तिनं फक्त मोबाईलवर काहीतरी मागवलं आणि एवढंच म्हणाली, ‘पप्पा, लई भुका हाय त्यो. पन त्याला कुनी शिकवलंच न्हाई. त्यालाबी एक चमचा लागंल.’

तो व्हिडिओ तिनं पुसून टाकला. मी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही विचाराल?

चौथ्या दिवशी खोकं आलं. दुसरी बशी. दुसरा चमचा. दुसरा काटा, दुसरं टायमर. आणि मी ठरवलं, दार ओढायचं नाही. समोर बसायचं. पाहुणा आपण बोलावलाय, त्याला घालवता येत नाही, पण किती वाढायचं ते तर वाढणाऱ्याच्या हातात असतं की नाही? त्याच्या बशीत साठ ग्रॅम, माझ्या बशीत साठ ग्रॅम, मधे दोन काटे. जया दारात पदर तोंडाला लावून उभी. पावणेतीन वाजले.

म्हटलं, ‘बाबा, मी चमचा भरला की तू भर. वीस वेळा चावायचं. टायमर वाजल्याशिवाय दुसरा नाही.’

त्याच्या काट्यावरचा आकडा साठ. साठ. साठ... आणि एका झटक्यात शून्य! आणि बशी माझ्या अंगावर! म्हणजे फेकली नाही, सरकली. टेबलावरून, सावकाश, माझ्या हातापर्यंत. वाढ म्हणून. आणि ती गुरगुर, एवढ्या जवळून की माझ्या टाक्यांत उमटली. पण स्टोअरला सव्वीस वर्षं काढलेला माणूस मी, चिठ्ठीत लिहिलेल्यापेक्षा एक बोल्ट जास्त दिलेला नाही कधी! म्हटलं, ‘नाही. उद्या.’

अकरा दिवस असंच. जया माझ्याशी बोलत नव्हती. भांडी किणकिणायची, पिठाच्या डब्याला मी कुलूप घातलं, किल्ली आक्काच्या कमरेला. बाराव्या दिवशी मी चमचा तोंडात घातला, टायमर लावलं, चावतोय... सहा, सात, आठ... सहज समोर नजर गेली. छप्पन्न. तिथंच थांबलेला आकडा. छप्पन्नावर! आणि चावायचा आवाज. मी ऐकत मोजले, अठरा, एकोणीस, वीस. टायमर वाजलं. बावन्न! अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! तीस मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. मी त्याला विचारलं, ‘डाळ बरी झालीय का रं?’ स्टूल जरा करकरलं. आपल्या माणसाचं करकरणं कळतं.

तेव्हापासून माझं वजन उतरतंय. आज एकशे चार किलो तीनशे. साखर कह्यात. मुंग्या नाहीत. मॅडम म्हणतात, काका, तुमचा निकाल सगळ्यात चांगला, तुम्ही येऊन सांगा काय काय लागतं. म्हणून सांगतो, चमचा, बशी, ट्रे, टायमर, गाळणी, पुरणयंत्र, काटा... आणि सगळं जोडीनं घ्या. हसताय? हसा. तुमचं पोट पिवळ्या पिशवीत गेलंय ना? कुणी संगट गेलं होतं त्याच्या? हां. आता नाही हसत कुणी.

फक्त एक नवीनच अडचण झालीय, मॅडम, ती विचारायची होती. गेला महिनाभर तो साठातले चाळीसच खातो. बशी सरकवतो. पोट भरलं म्हणे! माझ्याहून शहाणा निघाला! गुरगुर बंद, ढेकर बंद, स्टूलसुद्धा हल्ली वाजत नाही, इतका हलका झालाय. मला वाटलं, सुटलो. आता सुखानं जाईल. पण बशीत वीस ग्रॅम उरतात ना! रोज. आणि आमची जया... ती आता बोलते माझ्याशी, दारात उभी राहून म्हणते, ‘अन्न टाकायचं नसतंय. त्याचं ऱ्हायलेलं तुमी संपवा.’ संपवतो. काय करता? बावन्न वर्षं घरात मी कुणाचं उष्टं खाल्लं नाही हो... आता रोज पावणेतीनला माझं मलाच खावं लागतं.